आईने त्याला आत घेतलं नाही

परवा सोलकढीसाठी कोकमाचं आगळ गाळत होते. त्या आंबट वासासरशी नारायण पेठेतलं आमचं जुनं दार डोळ्यांसमोर आलं. दारात काळा झगा घातलेला एक किडकिडीत तरुण, त्याच्या हनुवटीवरून ओघळणारं आगळ आणि समोर माझी आई.

माझ्या भावाच्या कॉलेजातली मुलं रक्त पिणाऱ्या उमरावाच्या एका विलायती कादंबरीवर सिनेमा काढत होती. खिसे रिकामे, म्हणून रक्त कोकमाचं आणि घरमालकीण आमचीच आई. कुणी बोलावल्याशिवाय त्या उमरावाला घरात शिरता येत नसे. त्यामुळे आईला फक्त "या, आत या" एवढंच म्हणायचं होतं.

कॅमेरा सुरू झाला. आईने दार अर्धंच उघडलं, त्याला पायांपासून दातांपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोण आपण? काय काम आहे?"

पुन्हा घेतलं. या वेळी ती म्हणाली, "हे घरी नाहीत," आणि दार लावून घेतलं.

भावाने कपाळावर हात मारला. "अगं, अशाने सिनेमा दारातच संपेल!"

"संपू दे. माणूस मला बरा दिसत नाही."

तेव्हा मला तिची भयंकर लाज वाटली होती.

आता कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी असते. परवा हात आगळाने लाल असतानाच बेल वाजली. साखळी न काढता मी दार बोटभर उघडलं आणि करड्या आवाजात विचारलं, "कोण आपण? काय काम आहे?"

बाहेरून माझ्या म्हाताऱ्या भावाचा आवाज आला, "आई?"