लॅमिनेट जाऊबाईंच्या खोलीत

आमच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. कापून उरलेल्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या निदान कॉटखाली सरकवता येतात. किस्से रोज जेवायला आमच्यासोबत बसतात.

आमचे हे आणि मोठे दीर, म्हणजे दादा, लॅमिनेट फ्लोअरिंगचं काम करतात. लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या. खिळा नाही, सिमेंट नाही, एकीची कड दुसरीत अडकवत जायची. अंबरपेठेत एकाच मालकाच्या दोन खोल्या आहेत. पुढची दादा-जाऊबाईंची, मागची आमची. आधी आम्ही दोघी जावा साइटवर जायचो, झाडायला, खालचा फोम अंथरायला. आरू झाली आणि मी घरी बसले. जाऊबाई अजून जातात. त्या किस्से आणतात, मी पोळ्या लाटत ऐकते.

* * *

तारनाक्याला एका तेलुगू बाईंच्या नव्या फ्लॅटचं काम होतं. ह्यांनी त्यांना तीनदा बजावलं, यावर पाणी ओतायचं नाही, कपडा घट्ट पिळूनच पुसायचं. बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश. किचन तयार नव्हतं, म्हणून शेगडी हॉलच्या मधोमध मांडली आणि रीतीप्रमाणे दूध उतू घालवलं. तेही चांगलं पातेलंभर. सगळं सांध्यांत गेलं. चार दिवसांत कडा पुरीसारख्या फुगल्या.

हे बोलायला गेले तर बाई शांतपणे म्हणाल्या, "भय्या, तुम पानी कू मना करे थे. दूध का नाम कब लिए?"

तेव्हापासून हे दूध, ताक, सांबार, सगळ्यांची नावं घेतात.

* * *

एक पुण्याचे साहेब, कम्प्युटरवाले. भिंतीच्या कडेनं बोटभर फट दिसली की त्यांना वाटलं, माल कमी पडला म्हणून हे लोक फसवतायत. वरून झाकणारी स्कर्टिंगची पट्टी बसायच्या आधीच रविवारी त्यांनी स्वतः ती फट व्हाइट सिमेंटनं भरली. वर फोटोही पाठवला!

एप्रिलचं ऊन लागलं, पट्ट्या फुगल्या, आणि पसरायला जागाच नाही. हॉलच्या मधोमध फ्लोअर तंबूसारखं वर आलं.

दादा म्हणाले, "साहेब, श्वास घ्यायला जागा ठेवली होती. तुम्ही नाक दाबलंत."

जेवताना हे ऐकून सगळे हसले. मला मात्र जाऊबाईंनी पुढे सांगितलेलं डोक्यातून जाईना. साहेबांचा लहान मुलगा त्या उंचवट्यावरून घसरगुंडी खेळत होता म्हणे. त्यांचं बिघडलेलं फ्लोअरसुद्धा आमच्या धड शहाबादीपेक्षा बरं! आमची आरू चौदा महिन्यांची झाली, पण त्या गार, खरबरीत फरशीवर उभी केली की पाय वर ओढून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, थांबा, चालेल. थांबणं त्यांना सोपं आहे.

* * *

आबिड्सजवळ एका वकिलांचं काम होतं. पट्ट्यांचे बॉक्स आले की ते त्याच खोलीत दोन दिवस आडवे ठेवायचे, तिथली हवा त्यांना लागू द्यायची. वकीलसाहेबांना घाई होती, आजच लावा म्हणाले. दादा आणि हे एकमेकांकडे बघायला लागले. जाऊबाईंनी पदर खोचला आणि बॉक्सवर जाऊन बसल्या. "दो दिन के बाद," एवढंच म्हणाल्या.

वकिलांनी विचारलं, ये कौन है? दादा म्हणाले, "साब, हमारे काम की गॅरंटी."

हे मला ह्यांनीच कौतुकानं सांगितलं. माझी पोळी करपली.

* * *

मग दोन-तीन साइटचा उरलेला माल जमला. एका खोलीपुरता. मी मनात आमचीच खोली धरून बसले होते, लहान लेकरू आमच्याकडे आहे म्हणून.

ह्यांनी आमच्या फरशीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला. दुसऱ्या दिवशी उचलला तर खाली पाण्याचे थेंब. जमिनीतून ओल येतेय, इथं लावलं तर सहा महिन्यांत कुजेल, म्हणाले. पुढच्या खोलीतला तुकडा कोरडा निघाला.

मी दोनदा जाऊन तो तुकडा उलटा करून बघितला.

* * *

जाऊबाईंच्या खोलीत फ्लोअर झालं. मी आठवडाभर तिकडे गेले नाही. आरू रांगत जायची, तिला कोण अडवणार.

एका दुपारी तिला जेवायला आणायला गेले. दारातच थांबले. आरूनं कॉटचा पाय सोडला आणि चालली. चार पावलं. जाऊबाईंकडे.

जाऊबाईंनी तिला धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी आरूला उचललं, आमच्या खोलीत आणलं, फरशीवर उभं केलं. ती खाली बसली. पुन्हा उभं केलं. पुन्हा बसली.

संध्याकाळी हे आणि दादा कामावरून आले. ह्यांनी चपला काढायच्या आत मी सांगून टाकलं, "आज आरू चालली. इथंच, आपल्या खोलीत."

मागे दारात जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. माझे कान गरम झाले.

त्यांनी तांब्या ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हो ना. मी बघितलं की."