बाण ठेवून थांबणाऱ्या ग्रेसी मॅडम

ग्रेसी मॅडम बटण कधी लगेच दाबत नसत. माउसचा बाण त्यावर नेऊन ठेवायच्या आणि थांबायच्या. बाण आला की बटणाचा रंग बदलतो, कधी एखादी सूचना उघडते. आमच्या धंद्यात त्याला होव्हर म्हणतात. परळच्या आमच्या छोट्या कंपनीत वेबसाइट आम्ही बनवायचो आणि मॅडम त्या तपासायच्या. एकच पान वेगवेगळ्या ब्राउझरांत उघडून त्यावर शांतपणे बाण फिरवत बसायच्या.

फोनवर बाण नसतो, बोट असतं. काही फोनांवर बोट उचललं तरी बटणाचा बदललेला रंग तसाच राही. मग मॅडम मला हाक मारायच्या, "ये रे, बघ. पाहुणा गेला, चप्पल राहिली." मी ते दुरुस्त करायचो. खोताच्या वाडीतल्या घरून आणलेल्या डब्यात मटण असलं, तर त्या दिवशी चुका जरा सौम्य शब्दांत सांगायच्या.

एकदा आम्ही एका धर्मशाळेची वेबसाइट केली. बाहेरगावाहून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे खोली मिळे. कोणते कागद आणायचे ती सूचना 'खोली मागा' या बटणावर बाण नेला की दिसे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मॅडमनी ते बटण फोनवर दाबलं. अर्ज थेट गेला, सूचना दिसलीच नाही.

"फोनचे ब्राउझर असेच वागतात, मॅडम," आमचे साहेब म्हणाले. "आपली चूक नाही. उद्घाटन होऊ दे, मग बघू."

"ब्राउझरला झोपायला जागा लागत नाही, सर. त्या माणसांना लागते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी सरळ धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना बोलावलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. "तुमच्या गावच्या कोणासाठी तरी खोली मागा."

त्यांनी मागितली. मग स्क्रीन वरखाली करत म्हणाले, "आणि कागदांचं कुठे लिहिलंय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ती सूचना मी बटणाच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी उघडी लिहिली. चहा येईपर्यंत काम झालं, आणि उद्घाटनही वेळेवर झालं.

पुढे मॅडम नोकरी सोडून वसईला बहिणीकडे राहायला गेल्या. काही महिन्यांनी मीही कोड लिहिणं सोडून टेस्टिंगला, म्हणजे मॅडम करायच्या त्या तपासणीच्या कामाला आलो. तसं सांगायला लालबागच्या घरून त्यांना फोन केला.

"आई काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"तिला वाटतं, मला खालच्या कामाला लावलं."

"दे तिला."

आई फोन घेऊन गॅलरीत गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मधूनच आईचं हसू ऐकू यायचं. आत आली तेव्हा तिचा चेहरा निवळला होता.

"म्हणजे लोक अडकायच्या आधी आपण अडकून बघायचं. हेच ना रे तुझं काम?"

मी हो म्हटलं. माझं काम आईला इतकं नीट सांगणं मला कधी जमलं नव्हतं.