डावीकडे जरा कमी

जेवण झालं की वामकुक्षी करायची, पण झोप लागू द्यायची नाही, असा प्रल्हादराव खरवंडीकरांचा जुना नेम आहे. आज तो मोडणार असं दिसतंय. ते डाव्या कुशीवर वळलेत, डावा कान उशीत रुतलाय, आणि पंख्याची घरघर एका बाजूनेच ऐकू येतेय. समोरच्या टेबलावर त्यांनी स्वतः बांधलेला ॲम्प आहे. त्याच्या शेजारी हेडफोनची काळी पेटी, आणि पेटीवर स्क्रू ड्रायव्हर. उठल्यावर चहा घ्यायचा, ॲम्प खोलायचा, ट्रान्सफॉर्मर बाहेर काढायचा, जुन्या रेडिओत असतात तसे काचेचे व्हॉल्व्ह कागदात गुंडाळायचे आणि विषय मिटवायचा, असं ठरवून ते पडलेत.

आता एवढा जीव लावून बांधलेली वस्तू कोणी मोडायला का काढेल? तर त्याचं असं आहे. हेडफोन मूळचे त्यांच्या व्याह्यांचे, त्र्यंबकराव गायधनींचे. जावयाने कॅनडाहून वडिलांसाठी पाठवलेले. चांगले उंची, पण नखरा म्हणाल तर असा, की मोबाइलला जोडले तर गाणं शेजारच्या घरात चालल्यासारखं वाटायचं. बाजारातून एक ॲम्प आणला, तर आवाज वाढला पण तंबोरा पत्र्यावर वाजायला लागला. प्रल्हादरावांची नोकरी टेलिफोन खात्यात झाली आणि उरलेला वेळ रेडिओ-ॲम्प बांधण्यात गेला. ते म्हणाले, "याला ताकद लागते, पण धसमुसळेपणा चालत नाही. मी व्हॉल्व्हचा बांधून देतो." हेडफोन मुलाकडचे आणि ॲम्प मुलीकडचा, आधी पत्रिका तरी बघा, म्हणून दोन्ही घरं हसली.

ॲम्प झाला. प्रल्हादरावांनी तो पिशवीतून नेला, हेडफोनच्या दोन वाट्यांना दोन वायरी स्वतःच्या हाताने जोडल्या, लाल कड्याची उजवीकडे, साधी डावीकडे. त्र्यंबकरावांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "छान आहे. फक्त डावीकडे जरा कमी येतंय."

त्र्यंबकराव म्हणजे नाशकातले नावाजलेले कानसेन. गाण्याची बैठक असली की आयोजक त्यांना आधी बोलावून शेवटच्या रांगेत बसवायचे, आणि ते मान हलवतील तेव्हाच माइकवाल्याची सुटका व्हायची. मीटर म्हणायचा दोन्ही बाजू सारख्या. प्रल्हादरावांचे कानही तेच म्हणायचे. पण त्र्यंबकराव कमी म्हणाले म्हणजे कमी. आणि समजा शंका आलीच, तरी मुलाच्या बापाला 'जरा कान तपासून घ्या' असं मुलीचा बाप कुठल्या तोंडाने सांगणार? तेव्हा दर रविवारी ॲम्प पिशवीत घालायचा, व्याह्यांकडे जायचं, ऐकवायचं, विहीणबाईंच्या हातचे दडपे पोहे खायचे आणि ॲम्प परत आणून आठवडाभर त्याच्यात डोकं घालायचं. त्यांनी व्हॉल्व्ह बदलले, वायरिंग नव्याने केलं, सोल्डरचा डाग देताना बोटं भाजून घेतली. तक्रार जागची हलली नाही.

मग एके दिवशी त्र्यंबकराव झोपेतच गेले. तेरावा झाला, त्यानंतर प्रल्हादरावांनी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. काही कारण नसताना लेकीच्या सासरी जाऊन बसायचं, हे त्यांच्या रक्तातच नाही. त्यांची लेक मृण्मयी कॅनडाला परत जाताना हेडफोनची पेटी आणून ठेवून गेली. "आईंनी दिलेत, बाबा. म्हणाल्या, तुमच्याकडेच शोभतील." ती पेटी त्यांनी अजून उघडलेली नाही. उघडवत नाही. एवढा कानाचा माणूस शेवटपर्यंत अर्धंच गाणं ऐकून गेला, आणि ती उणीव आपल्या हातची होती, हे त्यांच्या मनातून जात नाही.

पंख्याची घरघर बारीक होत जाते. मग थांबते.

"व्याहीबुवा, झोपलात?"

दिवाणाच्या पायथ्याशी खुर्चीत त्र्यंबकराव बसलेत. नेहमीचा बाह्या दुमडलेला सदरा आणि वर तो बिनबाह्यांचा स्वेटर. प्रल्हादराव घाईने उठून बसायला बघतात, कारण मुलीकडच्यांनी असं आडवं राहणं बरं दिसत नाही.

"पडा हो, पडा. मी काही मानपानाला आलेलो नाही."

"चहा ठेवू?"

"नको. आता कुठला चहा." त्र्यंबकराव टेबलाकडे बघतात. "स्क्रू ड्रायव्हर काढून ठेवलाय वाटतं."

प्रल्हादराव तो लपवायला हात पुढे करतात. त्यांच्या हातात एकदम जड पातेलं आलेलं आहे. बघतात तर मंगल कार्यालय, लांबच लांब पंगत, पानांभोवती रांगोळी. हे मृण्मयीचं लग्न, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. पंगतीत माणूस मात्र एकच, त्र्यंबकराव, आणि त्यांच्या पानात वाट्यांऐवजी व्हॉल्व्ह मांडलेत, मंद नारिंगी पेटलेले. आमटी त्यांच्यातच वाढलेली आहे आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही.

"काही कमी-जास्त, व्याहीबुवा?" प्रल्हादराव वाकून विचारतात.

"डावीकडे जरा कमी आहे."

प्रल्हादराव पानाच्या डाव्या बाजूला चटणी वाढतात. कोशिंबीर वाढतात. लिंबाची फोड ठेवतात, मीठ ठेवतात. वाढलेलं पानात टिकतच नाही, हात मागे घेतला की जागा पुन्हा रिकामी. ते पुन्हा वाढतात. घामाने सदरा पाठीला चिकटतो. आपण लग्नातही हेच केलं होतं, असं त्यांना आठवतं. पंगतीत फिरत प्रत्येकाच्या पानाकडे बघत होतो, स्वतः जेवलोच नव्हतो.

"आता बास करा," त्र्यंबकराव म्हणतात. "बसा माझ्याजवळ."

"मुलीचा बाप पंगतीत कसा बसेल?"

"पंगत उठली कधीच."

खरंच उठलेली आहे. ते दोघं एका मोठ्या मांडवात शेवटच्या रांगेत शेजारी शेजारी बसलेत. पुढे सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि लांब मंचावर एक तंबोरा आपोआप वाजतोय. प्रल्हादरावांना तो दोन्ही कानांनी सारखा ऐकू येतो. त्र्यंबकराव मान वळवून उजवा कान पुढे काढून ऐकतायत, लोक कुजबुज ऐकायला करतात तसा. ही त्यांची लकब प्रल्हादरावांनी दर रविवारी पाहिलेली आहे. रंगात आले की ते असेच बसायचे, असं इतके दिवस ते समजत होते.

"व्याहीबुवा," प्रल्हादराव हळूच म्हणतात, "तुमचा डावा कान..."

"गेला होता. तुमचा ॲम्प यायच्या आधीच."

तंबोरा चालूच राहतो.

"मला तरी कुठे माहीत होतं," त्र्यंबकराव सांगतात. "त्या पहिल्या रविवारी तुम्ही आत पोहे खात होतात. मी म्हटलं, बघू तरी ॲम्पात खोट आहे की काय. हेडफोन उलटा घातला. वायरी काढून या कानाच्या त्या कानाला लावल्या. काहीही केलं तरी डावीकडेच कमी. मग कळायचं ते कळलं. तुम्ही बाहेर यायच्या आत सगळं होतं तसं करून ठेवलं."

मांडव आता गायधन्यांच्या घराची गॅलरी झालेला आहे. मधे स्टूल, स्टुलावर ॲम्प, समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या. आतून फोडणीचा वास येतोय. प्रल्हादरावांना राग येतो.

"आणि मला सांगितलं नाहीत? दर आठवड्याला मी तो ॲम्प उकलत होतो. माझी बोटं बघा. रात्री मला झोप यायची नाही, की आपल्याला एवढंसं जमत नाही म्हणून."

"मुलाकडचा आहे मी. खोट काढायचा मान आमचा."

"ही थट्टेची गोष्ट नाही, त्र्यंबकराव."

त्यांनी व्याह्यांना असं नावाने कधी हाक मारलेली नाही. त्र्यंबकराव हसायचे थांबतात. हाताने सदऱ्याची दुमडलेली बाही सारखी करत बसतात.

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?" ते म्हणतात. "तुम्ही म्हणाला असता, चला, जुळलं. ॲम्प ठेवून गेला असता. पुन्हा कधी आला असता? दिवाळीला फराळाचा डबा दारातून देऊन, आणि संक्रांतीला तिळगुळापुरते. चप्पलसुद्धा नीट काढली नसतीत. पोरं तिकडे सातासमुद्रापार. इथे आम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत, तिकडे तुम्ही एकटे भिंतीकडे बघत. तुम्हाला 'असेच या हो' म्हणून किती वेळा सांगितलं होतं, आठवतं?"

प्रल्हादरावांना आठवतं. दर वेळी त्यांनी 'येतो, येतो' म्हटलेलं आहे आणि ते गेलेले नाहीत.

"म्हणून म्हटलं, डावीकडे जरा कमी राहू दे."

प्रल्हादरावांचे डोळे भरून येतात आणि ते लपवत नाहीत. स्वप्नात कोणाची भीड. "एवढंच सांगा," ते म्हणतात. "जुळलं होतं का? खरं सांगा. माझं मन राखू नका."

"एका कानाने पत्रिका बघितली मी," त्र्यंबकराव म्हणतात. "पण तंबोऱ्याची तार सुटल्यावर जी मागे रेंगाळते ना, ती मला म्हातारपणी तुमच्यामुळे पुन्हा ऐकू आली. पहिल्याच दिवशी जुळलं होतं, व्याहीबुवा."

आतून विहीणबाई हाक मारतात, पोहे झालेत म्हणून. प्रल्हादराव उठतात. त्र्यंबकराव उठत नाहीत.

"तुम्ही?"

"तुम्ही व्हा पुढे. ती एकटीच असते आता." मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणतात, "त्या वायरींचं तेवढं बघा. शेवटच्या रविवारी मी पुन्हा एकदा उलट्या करून पाहिल्या. म्हटलं, कान सुधारला असेल कदाचित."

"सुधारला होता?"

"छे." आणि त्र्यंबकराव परत हसायला लागतात. "तेवढ्यात तुम्ही हात पुसत बाहेर आलात, आणि सुलट्या करायच्या राहून गेल्या."

पंखा सुरू होतो. प्रल्हादराव डोळे उघडतात, तर डावा कान उशीत दबून बधिर झालेला, आणि बाहेर दूधवाल्याची सायकल वाजतेय. चार वाजून गेले असावेत. ते उठून बसतात आणि कान चोळतात. स्वप्नाचं काय, मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं स्वतःला सांगूनही बघतात.

मग उठतात, स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवतात आणि पेटी उघडतात.

हेडफोन मखमलीत नीट ठेवलेले आहेत. प्रल्हादराव चष्मा लावतात आणि वाट्या खिडकीकडे धरतात. लाल कड्याची वायर डाव्या वाटीत आहे. साधी उजव्या वाटीत. त्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्याची अंगठ्याच्या घामाची खूणसुद्धा चकचकीत धातूवर पुसटशी दिसते.

ते वायरी सुलट्या करत नाहीत. ॲम्पचं बटण दाबतात, व्हॉल्व्ह नारिंगी व्हायची वाट बघतात, आणि मग फोन उचलून गायधन्यांच्या घरचा नंबर लावतात. पलीकडून विहीणबाईंचा आवाज येतो.

"विहीणबाई, मी प्रल्हाद खरवंडीकर बोलतोय. या रविवारी यावं म्हणत होतो. तो ॲम्प घेऊन. जरा काम होतं."

"काय झालं त्याला?"

"काही विशेष नाही. डावीकडे जरा कमी येतंय."

विहीणबाईंच्या आवाजात हसू आहे की रडू, ते प्रल्हादरावांना कळत नाही.

"तुम्हालाही डावीकडेच का?" त्या म्हणतात. "या. पोहे दडपून ठेवते."