गुणाजी घाडीचा फुल्ल इन्शुरन्स

जोगेश्वरी पूर्वेला टेकडीच्या उताराला एक बैठी चाळ होती. तिथे कुणाकडे काही नवं आलं, मग तो टीव्ही असो, गॅस असो नाहीतर सून असो, नारळ हातात घ्यायला गुणाजी घाडीच लागायचा. कोकणातल्या त्याच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने काय झालं ते सांगायचं, काय हवं ते मागायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, असा तो प्रकार. गुणाजीचा आवाज इतका खणखणीत की पलीकडच्या चाळीतली माणसं भाजी निवडता निवडता घरातूनच ‘व्हय म्हाराजा’ म्हणत.

तर हा गुणाजी अर्धं आयुष्य मिलमध्ये राबला. मग तो मोठा संप झाला आणि मिलने कायमचा राम म्हटला. गुणाजी ड्रायव्हिंग शिकला आणि सांताक्रूझच्या एका शेठची गाडी चालवायला लागला. नोकरी बरी होती. पण दुसऱ्याची गाडी ती दुसऱ्याची. पुसायची आपण, बसायचं शेठने, आणि शेठच्या पोराने चॉकलेट खाऊन हात सीटला पुसले तरी हसायचं आपणच. मिलचे अडकलेले पैसे एकदाचे हातात पडले तेव्हा सगळी चाळ सल्ला द्यायला धावली. कुणी म्हणालं पिठाची गिरणी टाक, कुणी म्हणालं गावी घर बांध. गुणाजीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जुनी राखाडी फियाट घेऊन आला.

“अगोबाई, गाडी?” एवढंच बोलून त्याची बायको प्रेमा आत गेली. दोन दिवस ती फक्त भांड्यांशी बोलत होती. तिसऱ्या दिवशी फियाटमध्ये बसून बाजारात जाऊन आली, मग राग गेला. पण तिने एक अट घातली. “मिलमधलं तुमचं जे काय उरलंय ते ह्या पत्र्यात आहे. ह्याला काय झालं तर पुन्हा असली रक्कम या जन्मात दिसायची नाही. इन्शुरन्स चांगला काढा.”

गुणाजीला ते पटलं. त्याला इन्शुरन्स चांगला तर हवा होताच, स्वस्तही हवा होता. मिलमध्ये त्याच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, असलेला अंबादास आता घाटकोपरला राहून विम्याची एजंटगिरी करत होता. रविवारी तो बॅग घेऊन आला. गुणाजीने मासळीवालीशी करावी तशी घासाघीस सुरू केली.

“अरे बाबा, ही काय सुरमई आहे का?” अंबादास म्हणाला. “सगळ्या कंपन्या सरकारी, सगळीकडे दर एकच. फोर्टात चपला झिजवल्यास तरी कुणी एक रुपया सोडणार नाही. काय वाचवायचं ते पॉलिसी निवडताना वाचव.”

“मग सगळ्यात स्वस्त दे.”

“देतो ना. थर्ड पार्टी. कायद्याने ती घ्यावीच लागते. पण ती काय आहे ते समजून घे, नाहीतर उद्या माझ्या नावाने शंख करशील. समज, तुझ्या पोराने चेंडू मारून शेजाऱ्याची काच फोडली. ती काच भरून द्यायची, ती थर्ड पार्टी. त्याच चेंडूने तुझ्या घरातला आरसा फुटला, तर तो तुझा तू बघ.”

“म्हणजे पैसे मी भरायचे आणि भरपाई परक्याला?”

“बरोबर. तुझ्या गाडीने रस्त्यावरच्या माणसाला लागलं, कुणाची भिंत पडली, कुणाची म्हैस मेली, तर कंपनी बघेल. तुझी फियाट चेपली, चोरीला गेली, जळाली, तर कंपनी तुला ओळखत नाही.”

गुणाजीचं तोंड कडू झालं. “हे काय रे? माझ्या घामाची गाडी, तिला काहीच नाही?”

“तिच्यासाठी दुसरी पॉलिसी. तिला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात, लोक फुल्ल इन्शुरन्स म्हणतात. त्यात शेजाऱ्याची काचही आली आणि घरातला आरसाही आला.”

ती अर्थातच महाग होती. मग अंबादासने ती परवडेल कशी ते सांगितलं. गाडीची किंमत उगाच फुगवून लिहायची नाही. जुन्या फियाटची नव्यासारखी किंमत लिहिली तर हप्ता नव्याचा जातो आणि भरपाई मात्र जुन्याचीच मिळते. नुकसानाचा पहिला थोडा वाटा आपण सोसायचं कबूल केलं तर हप्ता उतरतो. आणि वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी सूट मिळते, म्हणून खरचटल्या-बिरचटल्याचे क्लेम करत सुटायचं नाही. गुणाजी मान डोलवत राहिला आणि शेवटी त्याने फुल्लचाच फॉर्म भरला. प्रेमाने दोनदा चहा केला.

“आणि दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेव,” बॅग बंद करताना अंबादास म्हणाला. “भाडं मारायचं नाही, ही घरची गाडी म्हणून लिहिलीय. आणि बिनलायसनवाला स्टिअरिंगवर बसलेला असताना गाडी ठोकली, तर गाडीचा एक पैसा मिळणार नाही.”

“माझ्या गाडीला माझ्याशिवाय हात कोण लावतोय?” गुणाजी म्हणाला.

हात लावणारा एकच होता, जयवंत. प्रेमाचा धाकटा भाऊ. अंधेरीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. संपाच्या दिवसांत, चाळीतल्या अर्ध्या चुली विझलेल्या असताना, पगार झाला की जयवंत ताईच्या दारात तांदळाची पिशवी ठेवायचा. आत यायचा नाही, बोलायचा नाही. भावजींना ओशाळं वाटू नये म्हणून पिशवी ठेवून तसाच पुढे जायचा. गुणाजीने कधी आभार मानले नव्हते. असल्या गोष्टींचे आभार मानायला जीभच वळत नाही. पण ते तांदूळ तो विसरला नव्हता.

त्यामुळे एका रविवारी आरे कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यावर जयवंत लाजत लाजत म्हणाला, “भावजी, जरा मी धरू काय स्टिअरिंग?” तेव्हा नाही म्हणणं गुणाजीला जमलं नाही. अंबादास आठवला होता, नाही असं नाही. पण समोर जयवंत होता.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. जयवंतने दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, लहान पोरासारखा हसायला लागला. आणि तबेल्यातली एक म्हैस डुलत डुलत रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. गुणाजी ओरडला, “ब्रेक.” जयवंतने नेमका ॲक्सिलरेटर दाबला, म्हशीला वाचवायला चाक वळवलं आणि फियाट आंब्याच्या झाडावर जाऊन बसली. म्हशीने मान वळवून बघितलं आणि ती चालायला लागली. जयवंतच्या कपाळाला टेंगूळ आलं, गुणाजीचा गुडघा सोलला. गाडीची मात्र पार वाट लागली. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला, एक दिवा लोंबकळायला लागला.

फियाट दोरीने ओढून चाळीच्या अंगणात आणली. जयवंत तिथेच हात जोडून गेला तो पुन्हा ताईच्या घराकडे फिरकला नाही. नेहमी रविवारी जेवायला येणारा माणूस. प्रेमा दोन रविवार त्याचं ताट मांडत राहिली आणि उचलत राहिली. गुणाजी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिला तर हा पठ्ठ्या मागच्या गेटने पळाला. गुणाजीला गाडीपेक्षा हे जास्त लागलं. गाडीचं दुःख निदान अंगणात दिसत तरी होतं.

चाळीतला सगळ्यात वडीलधारा धाकूआबा. त्याने सूत्रं हातात घेतली. “हे बघा, कंपनीचो माणूस गाडी बघूक येतलो. गाडी कोण चालवी होतो? गुणाजी. दुसरा कोण तोंड उघडूचा नाय. क्लेम गावलो की गाडी बरी, जयवंताच्या मनावरचा ओझा पण उतरला.” चाळ एका सुरात हो म्हणाली. गुणाजीही हो म्हणाला. त्याला स्वतःसाठी खोटं बोलायला जड गेलं असतं, पण जयवंतसाठी बोलायला तो तयार होता. धाकूआबाने जयवंतलाही निरोप धाडला. सगळी चाळ तुझ्यासाठी उभी राहतेय, तू निदान येऊन गप्प उभा राहा, असा. आबाचा शब्द मोडायची कुणाची हिंमत नव्हती. जयवंत आला आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला लागून उभा राहिला.

सगळं कसं चोख बसवलं होतं. पण धाकूआबा पडला जुना माणूस. एवढ्यातून जीव वाचले आणि गाडीला नारळ फुटला नाही, हे त्याला बघवेना. “साहेब येवच्या आधी गाऱ्हाणा घालून घे रे,” तो म्हणाला. चाळ लगेच गाडीभोवती जमली. दुमडलेल्या बॉनेटवर हळदकुंकू लागलं. गुणाजीने नारळ हातात घेतला, डोळे मिटले. तेवढ्यात कंपनीचा सर्व्हेअर आला. पेडणेकर त्याचं नाव. हातात फाईल, खिशाला पेन. गाऱ्हाणं उभं राहिलेलं बघून त्याने चपला काढल्या आणि हात जोडून तो गर्दीत मिसळला. नावावरूनच कळतं, माणूस आमच्याकडचा.

गुणाजीला यातलं काही दिसलं नाही. त्याचा आवाज लागला होता.

“बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा येशीच्या, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

“आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली हत, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

“आरेच्या रस्त्यार म्हस आडवी इली, तेतूर तू म्हशीक वाचवलंस, आमका दोघांक वाचवलंस, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

आणि मग, बापाने शिकवल्याप्रमाणे, आजाने शिकवल्याप्रमाणे, देवासमोर झालं तसं सांगायचं या सवयीने, गुणाजीच्या तोंडून ओघात निघून गेलं, “जयवंतान गाडी झाडार घातली. तेच्याकडे लायसन नाय, तो शिकता हा. चाक मीच तेच्या हातात दिलंय. चूक झाली ती माझी. पोराक माफ कर, तेका माझ्या घराकडे परत धाड, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” सगळी चाळ गरजली. धाकूआबा सगळ्यांत मोठ्याने गरजला. आणि पेडणेकरही, डोळे मिटून, अगदी मनापासून, “व्हय म्हाराजा” म्हणाला.

नारळ फुटला. गुणाजीने डोळे उघडले. समोर फाईल घेतलेला माणूस खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावत होता. धाकूआबाने डोक्याला हात लावला. कुणाच्या तरी घरातल्या कुकरने तेवढी शिट्टी मारली.

पेडणेकर बराच वेळ खोबरं चघळत राहिला. तोही अडचणीत सापडला होता. शेवटी त्याने फाईल उघडली. “घाडी, देवाच्या दरबारातलं देवाच्या दरबारात,” तो हळूच म्हणाला. “माझ्या कागदावर तुम्ही आता जे सांगाल ते लिहीन. गाडी कोण चालवत होतं?”

वाट मोकळी होती. गुणाजीने भिंतीला लागून उभ्या असलेल्या जयवंतकडे बघितलं. टेंगूळ उतरलं होतं, पण पोरगा निम्मा झाला होता.

“मी,” तो म्हणाला.

“नाय साहेब.” जयवंत गर्दीतून पुढे आला. “मी चालवत होतो. लायसन नाही माझ्याकडे. भावजी माझ्यासाठी खोटं बोलतायत. आत्ता देवाला एक सांगितलं आणि तुम्हाला दुसरं, हे माझ्यापायी नको.”

पेडणेकरने पेन काढलं आणि ऐकलं ते लिहिलं. गाडीच्या नुकसानीचं काही मिळणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. म्हशीला काही झालं असतं तर तो मामला वेगळा, पण ती ठणठणीत. जाताना त्याने गुणाजीचा हात धरला आणि मग चपला घालून निघून गेला. चाळही हळूहळू पांगली. धाकूआबा जाताना स्वतःलाच शिव्या देत होता.

गुणाजी फियाटच्या चेपलेल्या बॉनेटला टेकून उभा राहिला. मिलचं उरलंसुरलं सगळं त्या पत्र्यात होतं, आणि आता ते कधी सरळ होईल ते देवालाच ठाऊक. गेलेल्या पैशाचं दुःख होतंच. पण छातीवरचा दगड उतरला होता हेही खरं. दोन्ही एकाच वेळी होत होतं आणि त्याला हसावं की रडावं कळेना.

आतून प्रेमाची हाक आली. ताटं वाढली होती, तीन. जयवंत दारातच घुटमळला तेव्हा तिने त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि पाटावर बसवलं. कोलंबीचं कालवण होतं. जयवंत मान खाली घालून भात कालवत राहिला, घास काही तोंडात जाईना. डोळ्यांतलं पाणी ताटात पडायला लागलं.

“जयवंता,” गुणाजी म्हणाला.

“काय भावजी?”

“उद्या अंधेरीला जाऊन लायसनचा फॉर्म भर. पुढच्या वेळी ठोकलीस तर निदान कंपनीकडून पैसे तरी मिळतील. जेव आता.”