शंभर गिरक्या

निम्मा रस्ता सरला तरी थोरली जाऊ तोंड उघडेना. एरवी कारखाना सुटल्यापासून घर येईपर्यंत तिच्या जिभेला विसावा नसे. धाकटीने चिमटा काढला, "जाऊबाई, मौन धरलंय की दाढ दुखतेय?"

"काल गोळ्यांची पीपं कुणी उतरवली?"

"कुणी म्हणजे? तुमच्या लाडक्या दिरानं. घरी येऊन पाठ मोडली म्हणून गळा काढत होते."

थोरली अठरा वर्षं त्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या तपासत होती. मूठभर गोळ्या तोलायच्या, फिरत्या डब्यात घालून शंभर गिरक्या द्यायच्या, पुन्हा तोलायच्या. गोळी फुटली नाही, फारसा भुगा पडला नाही, की सही. देवाचं काम करावं तसं ती ते करी. नमुन्याची बरणी तर तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून आणी.

"तिथंच फसले गं," ती म्हणाली. "मी तपासल्या त्या जपून आणलेल्या. सही दिली, आणि मग त्यानं पीपं गाडीवरून धाडधाड खाली टाकली. आज मी त्यातल्या मूठभर फिरवून बघितल्या. दिसायला एकदम धडधाकट! पण दाबून बसवलेले थर आतल्या आत सुटलेत. शंभर गिरक्यांत निम्म्या गोळ्यांचा वरचा थर टोपणासारखा उडाला. रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. कुणाच्या हातात नुसता चुरा येईल."

"मग साहेबांना सांगा की."

"सांगितलं. म्हणाले, सही तुमचीच आहे ना? मागे घ्यायची तर लेखी द्या, पीपं टाकणाऱ्याच्या नावासकट. नाहीतर सकाळी माल निघेल."

धाकटी थांबली. नवऱ्याला आधीच दोन ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरीला घरचा रस्ता.

"नाव गाळलं तर?"

"तर कागद केराच्या टोपलीत."

पुढे चौकातून वळलं की घर. एकच दार, एकच स्वयंपाकघर. आत तो जेवायची वाट बघत बसलेला असणार. धाकटीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण मागायचं काय ते तिला सुचेना.

थोरलीने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "सगळं लिहिलंय. त्याच्या नावापाशी आलं की हात अडतो. लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा, मी भांग पाडायची त्याचा. आणि तुझ्या पाठीमागे हे माझ्यानं होणार नाही." तिने पेन पुढे केलं. "तेवढं नाव तू लिहितेस?"