सिस्टरचे आठ दिवस

सिस्टर कुणालाही पहिल्या दिवशी गोळी घेऊ देत नसत. बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात वर्षानुवर्षं नोकरी करून त्या नवऱ्यासोबत कळस गावी राहायला आल्या होत्या. मी तिथल्या शाळेत शिकवत होते. सर्दीनं डोकं धरलेली माणसं मेडिकलमधली पाकिटं घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. पाकीट बाजूला ठेवायला लावून त्या म्हणत, "आठ दिवस थांबू."

मला दर हिवाळ्यात सायनसचा त्रास. वह्या उचलायला वाकलं की कपाळात कळ जायची. पहिल्यांदा गेले तेव्हा गालाची हाडं दाबून बघत त्या म्हणाल्या, "बाई, नाकाच्या बाजूला पोकळ्या असत्यात. सर्दीनं त्यांची तोंडं मिटत्यात. बहुतेकदा आपोआप मोकळं हुतं. कडक गोळ्या कशाला?" मग वाफ, आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. पाणी मात्र उकळून गार केलेलंच, यावर फार कटाक्ष. "पण ताप चढला, डोळ्यावर सूज आली, न्हायतर बरं वाटून परत बिघडलं, तर थांबायचं न्हाय. डॉक्टर गाठायचा."

त्यांचे यजमान तात्या. शुगरचे पेशंट, पथ्याच्या बाबतीत बेफिकीर. एका थंडीत त्यांचा उजवा गाल दुखू लागला, मग बधिर झाला. सिस्टरनी वाफ दिली आणि थांबू म्हणाल्या. सहाव्या दिवशी सकाळी डोळा सुजून मिटला होता.

त्याच तासाला त्यांनी तात्यांना बारामतीला नेलं, तिथून पुण्याला. वाढलेल्या साखरेमुळं सायनसमध्ये बुरशी पसरली होती. ऑपरेशन करून ती खरवडली. तात्या वाचले, पण उजवा डोळा काढावा लागला.

तात्यांनी कधी बोल लावला नाही. भेटायला आलेल्यांना सांगायचे, "समद्या गावाला सांगती तेच मला सांगितलं. मला काय येगळं सांगणार?" ते बायकोची बाजू घेऊन बोलत, आणि सिस्टर उठून आत जात. एकदा मी मागोमाग गेले. चुलीपाशी उभ्या होत्या. "शुगरवाल्याचा गाल बधिर झाला, तितंच वळखायला पायजे हुतं," एवढंच म्हणाल्या.

नंतर त्यांनी कुणाला तपासलं नाही. माझं दुखणं पुढच्या हिवाळ्यात महिनोन् महिने हटेना, तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "मला इचारू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जावा." स्कॅनमध्ये नाकाचा पडदा वाकडा आणि पोकळ्या भरलेल्या निघाल्या. फवारे, गोळ्यांचा पूर्ण कोर्स, आणि तरी फरक पडेना म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन. मी घरी आल्यावर सिस्टर न बोलावता बघायला आल्या. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "डोळ्याला नीट दिसतंय न्हवं?" हो म्हटल्यावर लगेच निघून गेल्या.

पुढं त्यांचा मुलगा दोघांना सोमेश्वरनगरला घेऊन गेला. निघायच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी धावतच पोचले. तात्या गाडीत बसले होते. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"बाई आल्या न्हाईत व्हय?" समोर बघत त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या उजव्या बाजूला होते. शेजारी बसलेल्या सिस्टरनी त्यांची हनुवटी धरली आणि त्यांचा चेहरा हळूच माझ्याकडं वळवला.