पांढरीवरची राख

एवढ्या दुरून आलेली राख इथंच काऊन थांबली?

हा प्रश्न मी वैशूताईला विचारला, तिच्या सरांना विचारला, कामावरच्या बायकांनाही विचारला. ताई म्हणायची, "रिपोर्ट येऊ दे, मंग सांगीन." किस्से मात्र साचत गेले. राखेचं असतं तसंच त्यांचं. जरा वरून खरवडलं की खालचा निघतो.

वैशूताई माझी मोठी बहीण. ती खूप शिकली, मी आठवीत शाळा सोडली अन् भाजीचा ऑटो चालवायला लागलो. देवळीच्या पुढं एका गावाला लागून टेकाड आहे. अशा जागेला आमच्याकडं पांढरी म्हणतात, खाली जुनं गाव गाडलेलं असतं. तिथं खोदताना जुन्या घरांच्याही खाली राखेचा एक थर लागला. ही चुलीतली राख नाही, समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीची आहे, वाऱ्यावर आलेली, असं ताईचं म्हणणं. तेच तिला सिद्ध करायचं होतं. पिपरी मेघेच्या आमच्या घरून तिला नेणं-आणणं माझ्याकडं. नुसतं बसून राहवेना, म्हणून मीही खड्ड्यात उतरलो.

*

गावात बातमी पसरली, पांढरीत ज्वालामुखी सापडला! एक म्हातारेबुवा काठी टेकत वर आले.

"बाई, हा फुटनार कधी?"

ताई म्हणाली, "आजोबा, तो कधीचाच फुटला. अन् इथं नाई, लय दूर."

बुवांनी बराच विचार केला. "ते ठीक आहे. पन तूर काढून घेऊ ना आधी?"

ताई हसली नाही. शेताकडं बघून म्हणाली, "काढून घ्या. वाळलीच हाये."

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव तुरीत! आम्हाला कामाला माणूस मिळेना.

*

सर परराज्यातले. मराठी डिक्शनरीतून शिकलेले, त्यामुळं बोलणं एकदम शुद्ध. एका सकाळी खड्ड्याच्या काठावर उभे राहून मोठ्या उत्साहानं म्हणाले, "चला, आज आपण सर्व मिळून राख सावडू या!"

बेबीबाई म्हणजे आमच्या मजूर बायकांची पुढारी. तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला अन् हळूच विचारलं, "कोन गेलं व?"

ताईनं सरांना बाजूला नेऊन सांगितलं. माणूस जाळल्यावर त्याची राख अन् अस्थी वेचतात, त्याला सावडणं म्हणतात. सर लाल झाले. "सॉरी, सॉरी! गोळा करा. फक्त गोळा करा!"

काम झालं. पण सुट्टी होताच सगळ्या बायका नदीकडं निघाल्या.

"आता कुठं?" सरांनी विचारलं.

"आंघोळीले. सावडल्यावर करा लागते." अन् बेबीबाईनं सरांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शब्द तुमच्याच तोंडातून गेला ना? चला!"

थंडीचे दिवस होते. सर कुडकुडत परत आले.

*

माती-राखेच्या पिशव्यांवर चिठ्ठी लावायची, थर कितवा ते लिहायचं. मी सगळ्यात खालच्या थराच्या पिशवीवर 'थर एक' लिहिलं.

ताई ओरडली, "मंग्या, हे काय बे?"

"घर खालून बांधतेत ना? मंग पहिला माळा खालीच असन."

ती खड्ड्यातच बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "मातीत उलटं असते येड्या. जो सगळ्यात शेवटी येते, तो थर एक." त्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या परत लिहिल्या. अक्षर माझं असं, की सरांना वाटलं लिपी जुनी आहे!

अन् राखेला हात लावायचा नाही, हा ताईचा नियम. ब्रशनं झाडायचं, ब्रशनंच पिशवीत घ्यायचं. "हात नको लावजो. तुह्या हाताले सांबाराचा वास येते, राखेचा रिपोर्ट कोथिंबीर येईन." आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, अन् माझ्या ऑटोत तोच जास्त.

*

एकदा राखेची एक पिशवी दिसेना. ताईचा जीव खालीवर. शेवटी बेबीबाई नदीवरून सगळ्यांचे जेवणाचे डबे घासून आली. डबे आरशासारखे चमकत होते.

"बेबीमावशी, कायनं घासले?"

"तुह्या पिशवीतल्या राखेनं. वा बाई, आमच्या चुलीच्या राखेले असा गुन नाई!"

मला वाटलं, आता ताई पेटणार. तिनं डबा उचलला, त्यात स्वतःचं तोंड पाहिलं अन् म्हणाली, "रिपोर्ट काय येईन तो येवो. माह्याकडून ज्वालामुखी पक्का."

*

पावसाळ्यासाठी खड्ड्यावर ताडपत्री घातली. पावसाळा सरता सरता ताईला ताप आला. डॉक्टर साधा म्हणत होते. दिवाळीच्या आधी ती गेली.

सावडायला आम्ही घाटावर गेलो. काका वाकले, तसा मी ओरडलो, "हात नका लावू!" खिशातून ताईचा ब्रश काढला. भटजींनी विचारलं, "हे काय करून राह्यला हा?" काका म्हणाले, "करू द्या त्याले." मी वरून खाली, हळूहळू झाडत गेलो. सगळं नदीत सोडलं, एक चिमूट पिशवीत ठेवली.

रिपोर्ट नंतर आला. सरांचा फोन होता. "तुझी ताई बरोबर होती. ज्वालामुखीचीच."

मी विचारलं, "पन सर, इथंच काऊन थांबली?"

सर म्हणाले, "आता खड्डा बुजवायचा आहे. तू ये."

मागच्या आठवड्यात खड्डा बुजवायला सगळे आले. माती भरत भरत वर आली. शेवटचं घमेलं बेबीबाईच्या हातात होतं. मी म्हणालो, "मावशी, थांब जरा." पिशवी मधोमध ठेवली, चिठ्ठी वर येईल अशी. बेबीबाईनं चिठ्ठी पाहिली. तिला वाचता येत नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला अन् घमेलं माझ्या हातात दिलं.

चिठ्ठीवर मी मार्करनं लिहिलं होतं, 'वैशूताई. थर एक.'

माती मीच टाकली. मग सगळ्यांच्या मागून नदीवर आंघोळीला गेलो.